चवीच्या वहीतली दोन पानं

आमच्या वऱ्हाडात शाळा उशिरा उघडते. तिकडे पुण्याकडच्या पोरांच्या वह्यांचे कोपरे दुमडायला लागलेले असतात, तेव्हा इकडची पोरं अजून निंबाच्या सावलीत कंचे खेळत असतात. जूनचा शेवटचा आठवडा येईपर्यंत ऊन हटत नाही. मग एका सकाळी गावात इंग्रजी कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन शिरते, पाराजवळ दोनदा हॉर्न वाजवते, आणि कळतं की पटाचा हंगाम सुरू झाला.

हा हंगाम पंचांगात नाही, पण येतो पेरणीबरोबरच. हजेरीपटावर किती पोरं आहेत यावर जिल्हा परिषदेच्या शाळेचं सगळं ठरतं. शिक्षक किती, खोल्या किती, खिचडी शिजवणाऱ्या बाया किती. म्हणून या दिवसांत मास्तर दारोदार फिरतात. ज्याच्या घरी सहा वर्षांचं लेकरू आहे त्याच्या दारात सकाळी सर येतात, दुपारी कॉन्व्हेंटचा माणूस. एरवी ज्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही, त्याच्या ओसरीवर या आठवड्यात दोन-दोन माणसं मांडी घालून बसलेली दिसतात.

यंदा मीही फिरले. अमरावतीहून मूर्तिजापूर, तिथून ऑटोनं गाव. पिशवीत मीच लिहिलेली पत्रकं होती. मथळा होता, ‘गावची शाळा गावानं राखावी’. खाली चार परिच्छेद आणि शेवटी मागण्या. कागदाला अजून शाईचा वास होता, आणि त्या वासानं मला नेहमी होतं तेच झालं. मी आठ वर्षांची झाले.

मी अक्षरं पाटीवर कमी आणि पत्रकांवर जास्त शिकले. बाबा मूर्तिजापूरच्या कोर्टात वकिली करायचे, पण त्यांचा जीव होता पत्रकांत. कपाशीच्या भावावर, बंद पडलेल्या दवाखान्यावर, पाण्याच्या टाकीवर, रेशनच्या सडक्या गव्हावर. संध्याकाळी ते लिहायचे, आई वाचून चुका पकडायची, आणि मी घड्या घालायची. आधी उभी घडी, मग आडवी, मग अंगठ्याचं नख फिरवून धार बसवायची. बाबांचे दोन नियम होते. पत्रक एका पानात बसलं पाहिजे. बसलं नाही तर विचार कच्चा आहे. आणि शेवटची ओळ मागणीची पाहिजे. नुसतं रडगाणं छापायला कागद महाग आहे, असं ते म्हणत.

अशा माणसानं आपल्या एकुलत्या एका लेकीला गावच्या शाळेत घातलं, यात नवल नव्हतं. अकोल्याची आत्या मात्र हसायची. “वकिलाची पोरगी अन् ताटली घेऊन खिचडीच्या रांगेत?” बाबा म्हणायचे, “रांगेत कोण आहे यावरच ताटात काय पडतं ते ठरतं.” मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. मला खिचडी आवडायची, एवढंच.

ती खिचडी तेव्हा नवीनच होती. आमच्या आधीच्या पोरांना महिन्याचा तांदूळ घरी न्यायला मिळायचा. पोतडी डोक्यावर घेऊन निघालेली पोरं मला पुसट आठवतात. मग सरकारच्या लक्षात आलं की घरी गेलेला तांदूळ घरभर वाटला जातो, आणि शाळेत पोर उपाशीच बसतं. म्हणून शाळेतच शिजवायचं ठरलं. तीन विटांची चूल, वर गंज म्हणजे मोठं काळंकुट्ट पातेलं, पळसाच्या ओल्या काटक्यांचा धूर. साडेअकरा वाजता जिऱ्याची फोडणी पडायची आणि आमच्या पाढ्यांचा सूर बदलायचा. बावीस सत्ते म्हणताना अख्खा वर्ग खिडकीकडे पाहायचा.

चुलीपुढे वच्छलामावशी बसायची. रुंद मनगटं, कपाळावर मोठं कुंकू, धुरानं कायम लाल डोळे. तिच्या हाताखाली रुखमा, तेव्हा नुकतंच लग्न होऊन गावात आलेली. मावशी पहिला डाव कोणाला वाढेल ते सांगता यायचं नाही. पण गंजाच्या तळाशी लागलेली खरवड ती उलथन्यानं काढायची आणि रांगेत जो शेवटचा असेल त्याच्या ताटात टाकायची. त्या खरवडीसाठी आम्ही एकमेकांना “तू पुढं, तू पुढं” करत मागे सरकायचो. शेवटी राहण्यासाठी भांडणारी पोरं मी दुसरीकडे कुठं पाहिली नाहीत.

आणि एक वही होती. खिचडी पोरांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं आणि एका पालकानं चाखायची आणि वहीत शेरा लिहायचा, असा नियम. चवीची वही म्हणायचे तिला. जवळजवळ प्रत्येक पानावर एकच शब्द असायचा, ‘चांगली’. खाली सही. पुष्कळदा तो शब्द फोडणी पडायच्या आधीच लिहिलेला असायचा. बाबा शाळेच्या समितीत आले आणि त्यांनी ते मोडलं. त्यांच्या पाळीच्या दिवशी ते कोर्टात जायचा पांढरा सदरा घालून यायचे, आमच्या रांगेत जमिनीवर बसायचे, भरलं ताट खायचे आणि मग लिहायचे. नमुन्याचा चमचा त्यांना मान्य नव्हता. भुकेची परीक्षा चमच्यानं होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्या श्रावणात कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याला लागली होती आणि सोयाबीन फुलावर होतं. खिचडी रोज पातळ होत चालली होती. तांदूळ तरंगायचा, डाळ शोधावी लागायची. एक दिवस मी पाणी प्यायला म्हणून वर्गाबाहेर आले, तर मावशी चुलीपाशी पदराची गाठ धरून बसलेली. गाठीत तुरीची डाळ होती. तिनं मला पाहिलं आणि पदर मुठीत घट्ट धरला. संध्याकाळी घड्या घालता घालता मी सहज म्हटलं, “बाबा, मावशीच्या पदरात डाळ असते.”

डाळ पदरातून गंजात चालली होती की गंजातून पदरात, हे मी पाहिलं नव्हतं. बाबांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आमच्या घरात अन्याय दिसला की तो लगेच लिहायचा असतो, आणि लिहायच्या घाईत आम्ही दोघांनी ती एक गोष्ट विचारायची सोडली.

बाबांचा शेरा झाला. विस्तार अधिकारी जीपमधून आले. त्यांनी मावशीला आम्हा सगळ्यांसमोर उभं करून विचारलं. ती नुसती पदर डोक्यावरून पुढे ओढून उभी राहिली. तिला आठ दिवस घरी बसवलं. नवव्या दिवशी रुखमा आमच्या दारात आली. ओटीवर चढली नाही, खालूनच म्हणाली, “वकीलसाहेब, सरकारची डाळ पंधरा दिवसांपासून आलीच नाही. पोट्टे पाणी पेतात म्हून थे आपल्या घरची मूठ-मूठ आणून टाकत होती. तिनं सांगू नोको म्हनलं होतं. मी सांगून राहिली.”

बाबांनी पेन खाली ठेवलं. त्या आठवड्यात त्यांनी डाळ पुरवणाऱ्यांवर पत्रक काढलं, पंचायत समितीपर्यंत गेले. डाळ आली, मावशीही परत आली. परत आली त्या दिवशी रांगेत मी मधेच होते, तरी तिनं खरवड माझ्या ताटात टाकली. मी ती खाल्ली. शेवटच्या शितापर्यंत.

मग मी मोठी झाले. शाळा सुटली, अमरावतीत आले, शिकले, माझी स्वतःची पत्रकं लिहू लागले. इकडे खिचडीही मोठी होत गेली. तीन विटांच्या जागी पत्र्याची खोली आली, मग गॅस आला. मग भिंतीवर आठवड्याचा तक्ता रंगवला गेला: मटकी, वाटाणा, चवळी. मग अंडं, आणि अंडं न खाणाऱ्याला केळं. प्रत्येक वेळी सरकारनं ताट थोडं मोठं केलं. मी शिव्या घालायला बसलेली लेखक आहे, तरी हे कबूल करते, कारण मी त्या ताटावर वाढले.

पण ताट मोठं होत होतं आणि रांग लहान होत होती. गावात मोबाईल आला, मूर्तिजापूरला जायचा रस्ता डांबरी झाला, शकुंतला आगगाडीच्या बंद रुळांवर गवत उगवलं आणि त्यांना ओलांडून पिवळी व्हॅन येऊ लागली. लोकांची भूक पोटातून वर सरकली. आता लेकराला टाय पाहिजे, बूट पाहिजेत, पाहुण्यांसमोर इंग्रजी कविता म्हणता आली पाहिजे. सरकारनं त्यालाही उत्तर दिलं. आमच्या शाळेच्या फाटकावर ‘सेमी इंग्रजी’ असं रंगवलं. बोर्ड नवा होता तेव्हा पोरं निम्मी उरली होती. मला नेहमी वाटतं, सरकार मनापासून उत्तर देतं, पण मागच्या वेळच्या प्रश्नाला.

आणि हेही पूर्ण खरं नाही. मागच्या हिवाळ्यात मी डोंगरातल्या धारणीकडे गेले होते. जीपमधून उतरून पुढं तासभर चालल्यावर एक शाळा. तिथं जेवणाच्या वेळेला पोरी कडेवर धाकटी भावंडं घेऊन येत होत्या. नाव एकाचं, ताट एक, घास दोघांचे. तिथली बाई डाव जरा जास्त भरून वाढत होती आणि मान दुसरीकडे वळवत होती. तिथं कोणी टायबद्दल बोललं नाही. एकाच योजनेचं एकच ताट आहे, आणि एका डोंगराच्या अंतरावर त्याच्याकडे पाहणारे डोळे इतके वेगळे आहेत. पत्रक एका पानात बसवायची माझी सवय त्या दिवशी पहिल्यांदा अडली.

तर यंदाचा जून. शाळेचा पट पंचवीसवर येऊन थांबला होता. नियम असा की पंचवीस पोरांपर्यंत एकच स्वयंपाकीण. सव्विसावं नाव आलं तर दोन. हेडसर अकोल्याहून मोटारसायकलवर येणारे, तरुण, फिरून फिरून काळवंडलेले. म्हणाले, “ताई, गावात एकच लेकरू राहिलंय पहिलीच्या वयाचं. अन् ते वच्छलाबाईंच्या घरातलं. त्यांच्या मुलाची मुलगी, परी. मी तीनदा जाऊन आलो. तुम्ही बोलून पाहा. नाव आलं तर रुखमाबाईंचं काम राहील.” रुखमा मागाहून लागलेली, म्हणून नियमानं तीच कमी होणार होती. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. तिच्या घरात कमावणारे हात आता तिचेच.

मी पत्रक घेऊन मावशीच्या घरी गेले. ती अंगणात मटकी निवडत बसली होती. केस पांढरे, मनगटं तशीच रुंद. ओसरीवर परी नवा टाय गळ्यात अडकवून, बाकी अंगात घरचाच फ्रॉक, अशी मिरवत होती.

“आली का वकिलाची पोरगी,” मावशी म्हणाली. “बस. किती वाळली वो. अमरावतीत खाले भेटत नाही का?”

मी पत्रक वाचून दाखवलं. तिनं मटकी निवडायचं थांबवून सगळं ऐकलं. म्हणाली, “चांगलं लिवलं. बापावानी लिवते.”

“मग परीचं नाव टाका ना शाळेत. तुमचीच शाळा आहे. रुखमाचं काम वाचेल.”

“मले सांगते का? मी रोज मोजून राहिली, पंचवीस, पंचवीस.” तिनं सूप खाली ठेवलं. “हेडसर म्हने, आपल्याकडे बी इंग्रजी हाये आता, सेमी. मी म्हनलं, सर, म्या कधी सेमी वाढलं का कोनाले?”

मला हसू आलं, पण मी हटले नाही. आपणच आपल्या शाळेवर विश्वास ठेवला नाही तर कोण ठेवणार, वगैरे बोलले. मग ती शांतपणे म्हणाली, “पोरी, तुह्या बाबानं त्या वहीत लिवलं, अन् मले आठ दिवस घरी बसवलं. काय लिवलं होतं, ते मले अजून ठाव नाही. गुर्जीले इचारलं तं म्हने, जाऊ द्या बाई. त्या जीपवाल्याले इचाराची हिंमत नोती. माह्यावर लिवलेलं सारं गाव वाचू शकत होतं, मीच नाही. तवा मी ठरवलं, माह्या घरातल्या पोरीले कोनी काई लिवलं तं वाचता आलं पाहिजे. सूनले मॅट्रिकपर्यंत मीच शिकवलं. आता तं लिवलेलं मोबाईलवर येते, थे बी इंग्रजीत येते. सून म्हनते, मले अर्धंच समजते. मंग परीले पुरं नाही का समजलं पाहिजे?”

परी टायची गाठ सोडायचा प्रयत्न करत होती. माझ्या मांडीवरचं पत्रक मी पालथं ठेवलं. गावची शाळा गावानं राखावी. पट कमी का झाला याची चार कारणं मी त्यात मोठ्या आवेशानं लिहिली होती. पाचवं कारण आमच्या घरातून निघालं होतं.

“मावशी,” मी म्हटलं, “डाळीचं बाबांना मी सांगितलं होतं.”

“मले ठाव हाये. तवा चुलीपाशी तुह्याशिवाय कोन होतं?”

“मग कधी बोलल्या नाहीत?”

“आठ वर्साची होती तू. तुले काय कोर्टात उभी करू?” तिनं पुन्हा सूप उचललं. “तू खरवड खाल्ली नं त्या दिवशी. रडत रडत खाल्ली. झालं मंग.”

तेव्हा मला बाबांचं बोलणं आठवलं. शेवटच्या आजारपणात एकदा ते म्हणाले होते, “वच्छलाबाईंचं मी वहीत दुरुस्त केलं आहे.” मी विचारलं होतं, त्यांना सांगितलं का? ते म्हणाले, “वहीत आहे.” मला वाटलं, म्हणजे झालंच. बाबांना माफी फक्त लिहून मागता येत होती. आणि मावशीला वाचता येत नव्हतं. या दोन गोष्टी एकमेकींसमोर बावीस वर्षं तशाच बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळेचा पहिला दिवस. फाटकाला आंब्याची पानं, दोन फुगे, पोरांच्या हातात गुलाबाचं एकेक फूल. हेडसरांनी माझ्यासाठी लोखंडी कपाट उघडलं. जुन्या वह्या खालच्या कप्प्यात होत्या, कसरीनं कडा खाल्लेल्या. श्रावणाचं पान सापडलं. मी वही घेऊन स्वयंपाकाच्या खोलीत गेले. मावशी गंज ढवळत होती, रुखमा ताटल्या पुसत होती.

“वाचू?”

“वाच.”

मी पहिलं पान वाचलं. ‘डाळ नावापुरती. मुलांच्या ताटात पाणी वाढले जाते. डाळ जाते कुठे, याची चौकशी व्हावी.’ बाबांचं वळणदार अक्षर, ठसठशीत पूर्णविराम. मावशीचा डाव फिरत राहिला.

मग तीन आठवड्यांनंतरचं पान. ‘आमचा मागील शेरा चुकीचा होता. डाळ पुरवठ्यात नव्हती. स्वयंपाकीण वच्छलाबाई यांनी स्वतःच्या घरची डाळ घालून मुलांना जेवू घातले. ज्यांचे आभार मानायचे त्यांच्यावर आम्ही आळ घेतला. त्यांची क्षमा मागतो.’ खाली सही. त्याखाली गुरुजींची सही, आणि गुरुजींच्या सवयीचा शब्द, ‘चांगली’.

डाव थांबला. मावशीनं गॅस बारीक केला.

“नाव लिवलं माहं?”

“हो. वच्छलाबाई.”

“दाखव कुठं.”

मी बोट ठेवलं. तिनं हात पदराला पुसले आणि माझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं. रुखमा ताटली छातीशी धरून उभी होती. 

“एवढं लिवलं,” मावशी म्हणाली, “तं चार पावलं चालत येऊन सांगाले काय झालं होतं त्या मानसाले?”

  मी स्वतः इतकी वर्षं लोकांसाठी लिहिते, आणि त्यातलं कितीसं त्यांच्यापर्यंत चालत जाऊन वाचलं असेल? योजनाही तशाच लिहिल्या जातात. मनापासून, सहीशिक्क्यानिशी, आणि ज्याच्यासाठी त्या आहेत त्याला कोणी मोठ्यानं वाचून दाखवत नाही. त्याला काय म्हणायचं आहे, यासाठी तर वहीत रकानाच नसतो.

परीचं नाव शाळेत आलं नाही. सकाळीच ती व्हॅनमधून गेली होती, टाय सरळ करून. पट पंचवीसच राहिला. पण मावशीनं हेडसरांना बोलावून सांगितलं, “सर, रुखमाले ठेवा. माहं नाव कमी करा. माहे गुडघे तसे बी बोलून राहिले. पोरगा कमावते, सून हाये. हिच्या घरी कोन हाये?” रुखमा म्हणाली, “मी नाही राहात एकटी,” आणि मावशीनं तिच्याकडे न पाहता म्हटलं, “मीठ टाकाले शिक अंदाजानं, तं राहशील.” हेडसर कागदावर काहीतरी लिहू लागले. मावशी म्हणाली, “थांबा. काय लिवता, थे वाचा आधी.” त्यांनी वाचलं. ती ऐकून हो म्हणाली, मग अंगठा न लावता, सुनेनं शिकवलेली, तीन अक्षरांची सही केली.

पोरं बसली. बाबांची पाळी मी घेतली. रांगेत, जमिनीवर, भरलं ताट. खिचडी गरम होती, मटकी नीट शिजलेली, कोथिंबीर वरून. तोंडात घास गेला आणि कळलं की मीठ कमी आहे. जेवून मी चालू वही उघडली. मागच्या सगळ्या पानांवर तोच शब्द होता. त्या दिवशी तोच लिहावा असं मला फार वाटलं. एवढं सगळं झाल्यावर मीठ कमी म्हणून कोण लिहील? मी ‘चां’ लिहिलाही.

मावशी माझ्यासमोर येऊन बसली. “काय लिवून राहिली?”

“चांगली.”

“खोटं नोको लिवू. तुह्या बापानं चुकीचं लिवलं, पन ताट भरून खाऊन लिवलं. बाकी सारे न खाताच चांगली म्हनतात. मी एवढे वर्स शिजवलं, मले कोनी सांगतच नाही काय झालं ते.”

मी ‘चां’ खोडला. मग लिहिलं. शेवटची ओळ मागणीची असते, म्हणून तीही लिहिली. ताटल्या गोळा करणाऱ्या रुखमाला हाक मारून मावशीनं थांबवलं, आणि मी सुरुवातीची ओळ गाळून बाकीचं मोठ्यानं वाचलं.

“‘खिचडी भरलं ताट खाल्ली. मटकी मऊ शिजलेली, चव घरची. मागणी: या वहीतला शेरा रोज स्वयंपाकिणीला वाचून दाखवावा, आणि तिचं म्हणणं खाली लिहावं.’”

मावशीनं मान हलवली. “अन् मिठाचं?”

“ते सुरुवातीलाच लिहिलंय.”

“काय?”

“कमी.”

“बरोबर हाये,” ती म्हणाली. “आता खाली माहं लिव. मीठ टाकताना ध्यान त्या पानात होतं, म्हन.”